देह आणि परद्रव्य

मनुष्याच्या शरीरासारखें संशयी घर दुसरें नाहीं. पायांत कांटा मोडला तर तो किती लहान आहे याचा विचार न करतां शरीर त्याच्याभोंवतीं सूज आणतें, पू धरतें आणि शक्य झाल्यास त्याला बाहेर लोटून देतें. लांकूड असो, लोखंड असो कीं चिंधी असो, जें आपल्या रक्तमांसाचें नाहीं तें आपलें नव्हे, हा त्याचा पुरातन नियम होय. असें असतां गेल्या पाऊणशे वर्षांत वैद्यकशास्त्रानें त्याच देहांत धातूच्या तारा, झडपा, नळ्या व भिंगें बसविलीं, आणि आज लक्षावधि माणसें तीं अंगांत वागवून सुखानें संसार करीत आहेत. हें घडलें कसें? शरीरानें आपला नियम सोडला, कीं मनुष्यानें शरीराला फसविलें? या प्रश्नाचें उत्तर एका द्रव्याच्या चरित्रांत जितकें स्पष्ट दिसतें तितकें इतरत्र क्वचित् दिसेल. तें द्रव्य म्हणजे पॉलियुरेथेन.

हें नांव वाचकांस अपरिचित वाटेल, पण वस्तु तशी नाहीं. आपल्या गाद्यांतील फोम, पादत्राणांचे मऊ तळवे, लांकडावरील चकचकीत रोगण, अंगाबरोबर ताणलें जाणारें वस्त्र, हीं सर्व याच एका कुळांतील भावंडें होत. रुग्णालयांत सलाईनची सुई हातांत टोंचल्यावर तिच्यावर जी पातळ पारदर्शक पट्टी चिकटवितात ती बहुधा याचीच असते. मानेजवळच्या मोठ्या शिरेंत घालावयाची नळीही पुष्कळदां याचीच असते. घरांतील बिछान्यापासून हृदयाच्या कप्प्यापर्यंत ज्याचा संचार आहे असें दुसरें द्रव्य सांपडणें कठीण.

याचा जन्म जर्मनींत लेव्हरकूझेन येथील रासायनिक कारखान्यांत झाला. ओटो बायर नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें १९३७ मध्यें आयसोसायनेट जातीचीं द्रव्यें आणि अल्कोहोल जातीचीं द्रव्यें यांची सांखळी गुंफण्याची रीत शोधून काढली. कारखान्याच्या संस्थापकाचें आडनांवही बायरच होतें. परंतु या दोघांचें कांहीं नातें नव्हतें. त्या काळीं अमेरिकेंत नायलॉनचा बोलबाला सुरू झाला होता, आणि त्याच्या एकस्वाला न शिवतां नवा धागा काढावा हा जर्मनांचा हेतु होता. देहाचा विचार कोणाच्या मनांतही नव्हता. मिश्रणांत पाण्याचा अंश राहिला कीं वायूचे बुडबुडे उठून वस्तु सच्छिद्र होत असे. त्या दोषाची प्रथम थट्टा झाली, आणि पुढें त्याच दोषांतून फोमचा मोठा धंदा उभा राहिला. दोष आणि गुण यांची ही अदलाबदल या द्रव्याच्या चरित्रांत पुन्हां पुन्हां दिसते.

त्याची घडण समजल्यावांचून पुढील कथा समजणार नाहीं, म्हणून थोडक्यांत सांगतों. या द्रव्याच्या प्रत्येक रेणूंत दोन प्रकारचे तुकडे आळीपाळीनें जोडलेले असतात. एक तुकडा ताठ व कठीण, दुसरा लांब, मऊ व वळणारा. कठीण तुकडे एकमेकांस घट्ट धरून लहान लहान गांठी बनवितात. मऊ तुकडे त्या गांठींच्या मधोमध सैल पडून राहतात. आपल्याकडील गोधडी डोळ्यांपुढें आणावी. तिच्या आंतील चिंध्या मऊ, पण टांके घट्ट. चिंध्यांमुळें ती अंगाला वळण घेते, आणि टांक्यांमुळें ती विसकटत नाहीं. टांके वाढविले कीं कठीणपणा वाढतो, चिंध्या वाढविल्या कीं मऊपणा. एकाच कुळांतील द्रव्य इतकीं निरनिराळीं रूपें घेतें तें यामुळें. आणि 'पॉलियुरेथेन शरीराला चालतें काय?' हा प्रश्न 'धान्य पचतें काय?' या प्रश्नासारखाच मोघम ठरतो तोही यामुळेंच. कोणतें धान्य, कसें शिजविलेलें, आणि कोणाच्या पोटांत, हें प्रथम सांगितलें पाहिजे.

परद्रव्य देहांत नांदूं शकतें ही कल्पना महायुद्धानें दृढ केली. इंग्लंडमधील नेत्रवैद्य हॅरोल्ड रिडली यांनीं वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या पारदर्शक छताचे प्लास्टिकचे कण घुसलेले पाहिले, आणि ते कण डोळा निमूटपणें सोसतो असें त्यांच्या ध्यानांत आलें. नोव्हेंबर १९४९ मध्यें लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयांत त्यांनीं त्याच जातीच्या प्लास्टिकचें भिंग मनुष्याच्या डोळ्यांत बसविलें. आज मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर आपल्या घरोघरचीं वडील माणसें जें भिंग वागवितात त्याचा हा मूळपुरुष. या यशानें एक तत्त्व रूढ झालें: जें द्रव्य कांहींच करीत नाहीं, शरीराशीं बोलत नाहीं व भांडतही नाहीं, तें उत्तम. थोडक्यांत, मुका पाहुणा हाच चांगला पाहुणा. हें तत्त्व दिसावयास सोपें व पटावयास सुलभ होतें. आणि पुढील तीस वर्षांनीं तें अपुरें असल्याचें दाखवून दिलें.

पॉलियुरेथेनचा देहप्रवेश मोठ्या उत्साहानें झाला. अमेरिकेंत मँडरिनो व साल्व्हाटोर यांनीं १९५९ च्या सुमारास मोडलेलीं हाडें सांधण्यासाठीं त्याचा ताठ फोम हाडांत ओतून पाहिला; कांहीं वर्षांतच ती रीत सोडून द्यावी लागली. त्याच काळांत विलेम कोल्फ हे, ज्यांनीं महायुद्धांत हॉलंडमध्यें कृत्रिम मूत्रपिंड तयार केलें होतें, अमेरिकेंत क्लीव्हलंड येथें अकुत्सु या जपानी सहकार्‍यासह या द्रव्याच्या झडपा जनावरांच्या हृदयांत बसवून पाहत होते. मार्च १९६० मध्यें नीना ब्राउनवाल्ड या शल्यविशारद स्त्रीनें पॉलियुरेथेनची लवचीक झडप एका स्त्रीच्या हृदयांत मूळ झडपेच्या जागीं बसविली. ती स्त्री बरी होऊन घरीं गेली, परंतु कांहीं महिन्यांनीं मरण पावली. द्रव्याच्या गुणांविषयीं शंका नव्हती. शंका होती ती काळाविषयीं. मनुष्याचें हृदय दिवसांत सुमारें एक लाख वेळां आणि वर्षांत साडेतीन कोटींहून अधिक वेळां आकुंचन पावतें. प्रत्येक ठोक्यास वांकणारी वस्तु एवढा ताण किती वर्षें सोसणार, हें प्रयोगशाळेंतील चार आठवड्यांच्या परीक्षेनें कळत नाहीं.

या कथेंतील मोठें वळण १९६७ चें. अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदयसंस्थेंतील बोरेटॉस आणि पिअर्स यांनीं वर सांगितलेल्या गोधडीच्या घडणीचें, म्हणजे खंडयुक्त, पॉलियुरेथेन वैद्यकासाठीं सुचविलें. या जातीचा धागा ड्यु पाँट कंपनीच्या जोसेफ शिव्हर्स यांनीं १९५८ मध्यें सिद्ध केला होता, आणि त्याचा मूळ उद्देश काय? तर स्त्रियांच्या कंबरपट्ट्यांतील रबराची जागा घेणें! जें द्रव्य हृदयांत बसावयाचें होतें तें अशा रीतीनें कापडाच्या दुकानांतून आलें. त्याची लवचीकता अपूर्व होती, रक्ताशीं त्याचें वागणें इतर अनेक प्लास्टिकांहून बरें होतें, आणि आणखी एक गुण असा कीं तें पाण्याला दाद देत नसे. आधींच्या पिढींतील बरींच पॉलियुरेथेनें 'एस्टर' जातीचीं होतीं. अशा द्रव्याचे मऊ तुकडे शरीरांतील उबदार ओलाव्यांत पाण्याच्या योगानें हळूहळू तुटत. नव्या द्रव्यांत मऊ तुकडा 'ईथर' जातीचा होता, आणि पाणी त्याचें कांहीं करूं शकत नव्हतें. शत्रु ओळखला व तट बांधला, असेंच तज्ज्ञांस वाटलें.

या विश्वासाचें शिखर म्हणजे कृत्रिम हृदय. २ डिसेंबर १९८२ रोजीं अमेरिकेंत यूटा विद्यापीठांत विल्यम डिव्हरीझ यांनीं बार्नी क्लार्क नांवाच्या मरणोन्मुख दंतवैद्याच्या छातींत 'जार्व्हिक-७' हें यंत्र बसविलें. त्याच्या कप्प्यांना रक्त जेथें स्पर्श करी तो पृष्ठभाग पॉलियुरेथेनचा होता. क्लार्क ११२ दिवस जगले. त्यांच्यानंतरचे विल्यम श्रोडर ६२० दिवस जगले. परंतु रक्ताच्या गांठी मेंदूंत जाऊन त्यांना पक्षाघाताचे झटके आले, आणि त्या दिवसांचा बराच भाग त्यांनीं पंगु स्थितींत काढला. यंत्राचा पडदा फाटला नाहीं, द्रव्य झिजलें नाहीं. पण रक्तानें त्याला आपलें म्हटलें नाहीं. परक्या पृष्ठभागाशीं गांठ पडतांच रक्तांतील प्रथिनें कांहीं क्षणांत त्यावर थर धरतात, मग रक्तकणिका चिकटतात, मग गांठ बनते. ज्या द्रव्याला आम्ही मुकें समजत होतों त्याच्याशीं रक्त पहिल्या क्षणापासून बोलत होतें.

दुसरा धडा याहून शांतपणें आला, आणि म्हणूनच तो अधिक महत्त्वाचा. स्वीडनमध्यें १९५८ च्या ऑक्टोबरांत एल्मक्विस्ट व सेनिंग यांनीं आर्ने लार्सन यांच्या शरीरांत पहिला पेसमेकर बसविला. तें यंत्र कांहीं तासच चाललें. परंतु पुढें एकामागून एक यंत्रें बदलीत लार्सन २००१ पर्यंत जगले. पेसमेकरची पेटी त्वचेखालीं राहते, आणि तिच्यापासून निघालेली तार शिरेंतून हृदयांत जाते. त्या तारेवरील वेष्टन प्रथम सिलिकोन रबराचें असे. तें शरीराला मानवे, पण नाजूक असल्यामुळें जाड ठेवावें लागे. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस पॉलियुरेथेनचें वेष्टन आलें. तें पातळ, चिवट आणि ओलें होतांच इतकें निसरडें कीं एकाच शिरेंतून दोन तारा सहज सरकाव्या. वैद्य संतुष्ट झाले. पण आपल्याकडे म्हणतात, नव्याचे नऊ दिवस. १९८० नंतर लवकरच शरीरांतून काढलेल्या कांहीं तारांच्या वेष्टनावर बारीक भेगा दिसूं लागल्या. कांहीं ठिकाणीं भेग आरपार गेली होती. वीज बाहेर झिरपत होती. ज्याचें हृदय त्या विजेवर अवलंबून, त्याच्या दृष्टीनें ही भेग म्हणजे काय हें सांगावयास नको.

भेगा पडल्या कां, याचा शोध हें या इतिहासांतील खरें संशोधन होय. परद्रव्य आंत येतांच शरीराच्या भक्षक पेशी त्याच्याकडे धांव घेतात. जंतूला त्या गिळून टाकतात, पण सबंध तार कशी गिळणार? मग त्या वस्तूला चिकटतात, एकमेकींत मिसळून महाकाय पेशी बनतात, आणि जें गिळतां येत नाहीं तें जाळून टाकण्यासाठीं आम्लें व प्राणवायूचीं अति तीव्र संयुगें तिच्यावर ओततात. महिनेच्या महिने हा मारा चालतो. ईथर जातीचा मऊ तुकडा पाण्याला अजिंक्य खरा, पण या प्राणवायूच्या मार्‍यापुढें तोच दुर्बल ठरला. त्यांतून ज्या ठिकाणीं वेष्टन घडवितांना किंवा टांक्यानें आंवळतांना ताण राहून गेला होता तेथें भेग प्रथम पडे. एस्टर सोडून ईथर धरलें तें आगींतून निघून फुफाट्यांत पडण्यासारखें झालें. एवढ्यानेंही संपलें नाहीं. त्याच तीव्र संयुगांपैकीं एक वेष्टनांतून झिरपून आंतल्या धातूच्या तारेपर्यंत पोंचतें, आणि तारेंतील कोबाल्टच्या साह्यानें वेष्टनाला आंतूनही कुजवितें, असें पुढें आढळून आलें. बाहेरचा शत्रु ठाऊक होता. हा घरभेदी कोणाच्याच हिशेबांत नव्हता. प्लास्टिक वेगळें तपासलें होतें, धातु वेगळा तपासला होता. दोघांचा संसार मात्र कोणी तपासला नव्हता.

तिसरें प्रकरण फोमचें. १९७० मध्यें अमेरिकेंतील ॲशले या शल्यविशारदानें स्तनाच्या कृत्रिम रोपणावर पॉलियुरेथेनच्या फोमचें आवरण घालण्याची रीत प्रसिद्ध केली. अशा रोपणाभोंवतीं शरीर जें तंतुमय कवच बांधतें तें पुढें आवळून कठीण होतें, हें त्या शस्त्रक्रियेचें मोठें दुखणें होतें. फोमच्या छिद्रांत मांस शिरल्यामुळें तें कवच विस्कळित राही व कमी आवळे. गुण खरा होता. पण फोम कालांतरानें विरे, आणि त्यांतून टोल्यूईनडायअमाईन नांवाचें, जनावरांत कर्करोग उत्पन्न करणारें द्रव्य सुटूं शकतें, हें पुढें आलें. १९९१ मध्यें तीं रोपणें अमेरिकेच्या बाजारांतून उठलीं. पुढें तेथील सरकारी औषध-प्रशासनानें गणित मांडून हा धोका सुमारें दहा लाख स्त्रियांत एक इतकाच असल्याचें सांगितलें. आंकडा दिलासा देणारा होता यांत संशय नाहीं. पण ज्या हजारों स्त्रियांच्या अंगांत ती वस्तु आधींच गेली होती, त्यांना मधल्या काळांत रात्रीची झोंप कोणी द्यावयाची होती? आधीं रोपण आणि मग गणित, हा क्रम शास्त्राला शोभणारा नव्हे.

या सर्व अनुभवांतून विचारही बदलला. १९८६ मध्यें इंग्लंडांतील चेस्टर येथें युरोपांतील तज्ज्ञ जमले, आणि ज्याला आम्ही येथें देहानुकूलता म्हणूं त्या शब्दाची नवी व्याख्या त्यांनीं केली. तिचा आशय असा: विशिष्ट कामीं लावलेलें द्रव्य आपलें काम करीत असतां शरीराकडून त्या कामास योग्य असाच प्रतिसाद मिळणें, ही देहानुकूलता. वरवर साध्या दिसणार्‍या या व्याख्येनें मुक्या पाहुण्याचें तत्त्व मोडीत काढलें. देहानुकूलता हा सोन्याच्या पिंवळेपणासारखा द्रव्याचा अंगभूत गुण नव्हे. तो द्रव्य, जागा व काळ या तिघांमधील संबंध आहे. जें पॉलियुरेथेन चार दिवसांच्या नळीस उत्तम, तें वीस वर्षांच्या तारेस निरुपयोगी असूं शकतें. जें मांसांत निभतें तें रक्तांत निभेलच असें नाहीं. १९९२ पासून प्रसिद्ध होऊं लागलेल्या आय.एस.ओ. १०९९३ या आंतरराष्ट्रीय मानकमालेंत हीच दृष्टि आहे: वस्तु शरीरांत कोठें लागणार व किती दिवस राहणार हें आधीं विचारावयाचें, आणि मग पेशींवर, रक्तावर, जनावरांत व दीर्घकाळ विघटनाच्या दृष्टीनें कोणत्या परीक्षा घ्यावयाच्या तें ठरवावयाचें.

इकडे व्यापाराची बाजूही निराळ्या रीतीनें उघडी पडली. रोपणासाठीं लागणारें प्लास्टिक वजनानें अत्यल्प; मोठ्या रासायनिक कंपन्यांच्या एकंदर विक्रींत तें दर्यामें खसखस. पण एखादें रोपण बिघडलें कीं कच्चा माल पुरविणार्‍यासही न्यायालयांत उभें राहावें लागे. १९९० नंतर अनेक कंपन्यांनीं कायमच्या रोपणासाठीं माल देण्याचें नाकारलें किंवा त्यावर निर्बंध घातले. कृत्रिम हृदयांत वापरलेलें पॉलियुरेथेनही याच सुमारास बाजारांतून गेलें. अखेर १९९८ मध्यें अमेरिकेला कच्चा माल पुरविणारांस संरक्षण देणारा कायदा करावा लागला. दोष असेल तर भरपाई मिळालीच पाहिजे, हें रुग्णाचें म्हणणें न्याय्य. आणि भीतीनें सर्वच माल बंद झाला तर उद्यांच्या रुग्णाचें काय, हेंही तितकेंच न्याय्य. या दोन न्यायांचा मेळ घालणें प्रयोगशाळेच्या हातांत नसतें. तें समाजाचें काम आहे.

रसायनशास्त्रज्ञ स्वस्थ बसले नाहींत. ईथरच्या जागीं कार्बोनेट जातीचे तुकडे आले, जे प्राणवायूचा मारा अधिक सोसतात. मागाहून सिलिकोन व पॉलियुरेथेन यांचें एकाच रेणूंत लग्न लावण्यांत आलें. अशा एका मिश्र द्रव्याच्या तारा निघाल्यावर २०१२ मध्यें कांहीं संशोधकांनीं पाण्यामुळें त्याचे रेणू हळूहळू तुटत असावेत अशी शंका काढली. इतरांनीं शरीरांतून काढलेल्या तारा तपासून त्या शंकेस उत्तर दिलें. हा वाद आम्हांस चिंतेचा न वाटतां समाधानाचा वाटतो. १९८० सालीं भेग रुग्णाच्या छातींत प्रथम दिसली. २०१२ मध्यें शंका कागदावर प्रथम दिसली. तीस वर्षांतील खरी प्रगति ती हीच.

आणि मूळ आशाही मेलेली नाहीं. २०१९ मध्यें सिलिकोनयुक्त पॉलियुरेथेनच्या पाकळ्यांची झडप अमेरिकेंत मनुष्याच्या हृदयांत प्रथम बसविण्यांत आली. तशा झडपेच्या चांचण्या भारतांतही झाल्या आहेत. याचें महत्त्व आपल्या देशास विशेष आहे. लहानपणींच्या घशाच्या दुखण्यांतून उद्भवणार्‍या संधिवाती तापानें येथें तरुण मुलामुलींच्या झडपा खराब होतात. धातूची झडप बसवावी तर रक्त पातळ ठेवण्याचें औषध जन्मभर घ्यावें लागतें, आणि तरुण स्त्रीला बाळंतपणांत तें संकट होऊन बसतें. जनावराच्या पडद्याची झडप बसवावी तर तरुण शरीरांत ती लवकर खराब होऊन दुसरी शस्त्रक्रिया ओढवते. या दोन अडचणींमधून वाट काढील अशी झडप मिळाली तर ती केवळ शास्त्राची करामत न राहतां अनेक घरांचा आधार होईल. पण नीना ब्राउनवाल्ड यांच्या झडपेनंतर ही झडप मनुष्याच्या हृदयांत जाण्यास एकोणसाठ वर्षें लागलीं, हें विसरतां कामा नये. आणि तिची परीक्षा घेणारा खरा परीक्षक, म्हणजे वर्षाला साडेतीन कोटी ठोके देणारें हृदय, आपला निकाल सावकाशच देईल.

तेव्हां आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर काय? शरीरानें आपला नियम सोडलेला नाहीं, आणि तें फसलेलेंही नाहीं. तें प्रत्येक परद्रव्याची चौकशी रोज करतें. उलटतपासणी कधीं थांबवीत नाहीं. मनुष्यानें साधलें तें इतकेंच कीं त्या तपासणींत कोणते प्रश्न विचारले जातात हें तो हळूहळू शिकला, आणि हें शिक्षण ज्यांच्या देहांत झालें त्यांची नांवें बहुधा कोठेंच लिहिलेलीं नाहींत. म्हणून रोपणाचा सल्ला मिळाल्यावर रुग्णानें किंवा त्याच्या मुलांनीं वैद्यांस तीन गोष्टी अवश्य विचाराव्या: ही वस्तु कशाची आहे, अशी वस्तु मनुष्याच्या अंगांत किती वर्षें पाहिलेली आहे, आणि ती बिघडल्यास तें कोणाला व कसें कळणार आहे. वस्तूचें नांव व क्रमांक असलेला कागद घरच्या दस्तऐवजांत जपून ठेवावा. यांत वैद्यांवरील अविश्वास नाहीं. जी चौकशी शरीर जन्मभर करणार आहे ती आपण एकदां आधीं केली, तर त्यांत कोणाचाच अपमान होत नाहीं.